दोन झोनचा पास

आमच्या ह्यांनी महिनाभर पासांचा अभ्यास केला. अभ्यासच म्हणायचा त्याला. चष्म्याचं दुकान बंद करून आले की जेवायच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरायचा, दुकानातलं भिंग घ्यायचं आणि बसायचं. एक दिवसाचा पास, तीन दिवसांचा, आठवड्याचा, नुसता मेट्रोचा, मेट्रो-ट्राम दोन्हींचा, संग्रहालयात सवलत देणारा. ताट कुठे ठेवू विचारलं तर म्हणायचे, "मांडीवर घे." आणि मी घेत होते! मांडीवर ताट घेऊन जेवत होते, आणि वर खूश होते, मूर्खासारखी.

खूश अशासाठी की त्या शहरात आमची लेक राहते. दोन वर्षांपूर्वी तिने सांगितलं, मी दुकानात बसणार नाही, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकणार. ह्यांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तिला सुनावलं, "लोकांना वर-खाली करायला वाढवलं का तुला? जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." ती गेली. तेव्हापासून बाप-लेकीची भेट नाही. मधल्यामधे माझं मरण. तिचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायचं आणि "बाबा तुझी खूप आठवण काढतात हं" असं धडधडीत खोटं सांगायचं. मग एक दिवस हे आपणहून म्हणाले, "चल, शहर बघून येऊ." मला वाटलं, विरघळला माणूस. "लेकीकडे जाऊ" म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून शहराचं निमित्त काढलंय. राहू दे बापडा मान, म्हणून मीही मूग गिळून बसले. लेकीला मात्र कळवून टाकलं, गुरुवारी दोघं येतोय.

गुरुवारी सकाळी स्टेशनवर उतरलो आणि पासाच्या खिडकीशी गेलो. आतल्या मुलीने ह्यांनी मागितलेले दोन पास दिले आणि सोबतच्या छोट्या नकाशावर पेनाने गोल रेघ मारून दाखवली. "तीन दिवस, झोन एक आणि दोन. ह्या रेघेच्या आत कुठेही फिरा."

मी रेघेच्या आत लेकीचं स्टेशन शोधायला लागले. सापडेना. मग सापडलं. रेघेच्या बाहेर, अगदी लागून.

"अहो, आपलं स्टेशन बाहेर राहिलं की," मी म्हणाले. खरं सांगते, तेव्हाही मला वाटलं की चुकलंच असेल काहीतरी.

"तिकडे बघण्यासारखं काही नाही," हे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसली चूक आणि कसलं काय! हा माणूस महिनाभर भिंग लावून नेमका तो पास शोधत होता, जो लेकीच्या दाराआधी संपतो. म्हणजे उद्या कोणी विचारलंच तर सांगायला मोकळे, गेलो असतो हो, पण पासात बसत नव्हतं.

"तिसरा झोन वाढवून मिळतो," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"नको," हे म्हणाले.

"मला हवाय," मी म्हणाले.

"एकच पास वाढवू की दोन्ही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाड्यांचा फलक वाचत उभे होते. ह्यांच्या कानाला काय झालं होतं देव जाणे.

"एकच," मी म्हणाले.

गाडीत मात्र माझ्या शेजारीच बसले. वर मला सांगतात, ह्या पासात बोटीची फेरीही आहे. म्हटलं, "बुडवा ती बोट." समोरची बाई दचकली. दचकू दे. दुसऱ्या झोनचं शेवटचं स्टेशन आलं तसे हे उठले. "मी इथे थांबतो. तू जाऊन ये." दार बराच वेळ उघडं होतं. वाटलं, येतील परत आत. आले नाहीत. काचेतून मला त्यांची पाठ दिसली, आणि त्या पाठीत एक धपाटा घालावा असं वाटलं.

लेक चौथ्या मजल्यावर राहते, आणि लिफ्ट दुरुस्त करणारीच्या इमारतीत लिफ्ट नाही. मी धापा टाकत पोचले. तिने रजा घेतली होती, टेबलावर तीन ताटं मांडली होती. मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून जिन्यात बघत राहिली.

"बाबा हळूहळू चढतायत का?"

पुन्हा खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. "नाही गं. एक स्टेशन आधी उतरले. म्हणे पास तिथपर्यंतच आहे."

ती खुर्चीवर बसली. "पण मी त्यांना स्टेशनचं नाव सांगितलं होतं."

"कोणाला?"

"बाबांना. तुमचं यायचं ठरायच्या आधी मीच दुकानात फोन केला होता. माफ करा म्हटलं, घरी या म्हटलं. पत्ता दिला. ते म्हणाले, बघतो, पासाचं कसं जमतंय."

पोरीने पाय धरले होते, आणि हा माणूस तिने दिलेला पत्ता घेऊन नकाशावर भिंग फिरवत होता! आणि घरात मला चकार शब्द नाही.

तिने फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता चांगली झाडेल. झाडायलाच हवं होतं. तर ही विचारते, "बाबा, काही खाल्लंत का? दुपारची गोळी घेतलीत?"

पलीकडून नुसता स्टेशनवरचा भोंगा ऐकू आला, पुढची गाडी येतेय म्हणून सांगणारा.

"अजून तिथेच बसलेत," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली. "मी घेऊन येते त्यांना."

"बस खाली!" मी ओरडले. लेकीवर इतकी मी जन्मात ओरडले नव्हते. "घरातून तुला घालवलं, फोन तू केलास, माफी तू मागितलीस. आता आणायलाही तूच जाणार? एक पाऊल टाकलंस तर याद राख."

ती रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण रागाने ते वर येऊच दिलं नाही. फोन अजून चालूच होता. मी तो तोंडाशी धरला.

"अहो, ऐकलंत ना सगळं? एकच स्टेशन आहे. तिकीट तिथल्या खिडकीवर मिळतं. पोरगी जेवायची थांबलीय. यायचं असेल तर आपल्या पायांनी या."

आणि ते काही बोलायच्या आत मी फोन ठेवून दिला.