विंकोचा खड्डा

माझ्या नावानं एक खड्डा आहे. आमच्या मैदानावर, चर्चकडच्या गोलसमोर, पेनल्टीच्या ठिपक्याला लागून. गेल्या वर्षी शेजारच्या खालच्या लुगोवी गावाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मारताना माझा डावा पाय घसरला. चेंडू पाद्रीबाबांच्या आलुबुखाराच्या झाडात गेला आणि जमिनीत राहिला तो खड्डा. बुजवायला कोणी तयार नाही. "इतिहास आहे तो," म्हणतात. माझी मैत्रीण मार्तिना, तिच्या आईला भेटायला पहिल्यांदा गेलो, तर तिनं दारातच विचारलं, "खड्ड्यातला विंको तो तूच का?"

शेवटी खानावळीत रीतसर सभा झाली. हात वर करून ठराव पास: त्याच गोलवर, त्याच टीमविरुद्ध विंकोनं पेनल्टीवर गोल केला, तर खड्ड्यावरून त्याचं नाव काढावं.

तर यंदा पुन्हा तीच टीम येणार होती आणि माझ्यासमोर बुटांचे दोन जोड होते. एक ब्लेडवाला, तळाला चपटी पाती, कडक जमिनीसाठी. दुसरा स्टडवाला, गोल लोखंडी खुंट्यांचा, चिखलासाठी. पाच आठवडे स्लावोनियात पावसाचा थेंब नव्हता. म्हणजे ब्लेड. विषय संपला.

मॅचच्या दिवशी सकाळी अग्निशमन दलाची गाडी आली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"पाणी मारतोय," दलाचे प्रमुख स्लावको काका म्हणाले. "खालच्या लुगोवीची पोरं पळतात फार. चिखलात बघू कशी पळतात ते."

"काका, पण पळणारे आपलेही आहेत ना?"

"कोण?"

मी बूट उचलून ड्रेसिंग रूमकडे निघालो.

पाणी पुरलं ते अर्ध्याच मैदानाला. येताना वाटेत सगळ्या म्हाताऱ्यांनी काकांना थांबवलं होतं, 'आलाच आहेस तर माझ्या मिरच्यांवर जरा मार.' काकांना कोणाला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे गावातल्या मिरच्या तरारल्या, चर्चकडचा अर्धा भाग दलदल झाला आणि उरलेला अर्धा पाटा-वरवंट्यासारखा कडक राहिला. रिकामी गाडी काकांनी चर्चकडच्या गोलमागे चढावर लावून दिली.

"आता काय घालू?" मी ड्रेसिंग रूममध्ये विचारलं. हीच माझी चूक. तेरा जणांनी एकदम उत्तर दिलं.

"ब्लेड!"

"स्टड! पाती चिखलात साबणासारखी सरकतात."

"कडक जमिनीवर स्टड म्हणजे नववधूच्या उंच टाचांच्या चपला. घोटा जाईल."

"मग एका पायात हा, एका पायात तो," योझा काका म्हणाले. हे आमचे सामान सांभाळणारे, वय एकाहत्तर. "स्टड उजव्या पायात. मी तीस वर्षं तसाच खेळलो. पेनल्टी मारताना एकदाही घसरलो नाही."

मतदान झालं. सात विरुद्ध सहा, योझा काका जिंकले. माझं मत मोजलं नाही, कारण माझा त्यात स्वार्थ होता.

मॅचआधी पंच बुटांचे तळ तपासतात. त्या दिवशीचे पंच शहरातले दातांचे डॉक्टर. त्यांनी माझा एकेक पाय उचलला, प्रत्येक खुंटी हलवून पाहिली आणि दुखतं का म्हणून विचारलं. मग म्हणाले, "हे दोन वेगळे आहेत."

"हो, साहेब."

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "बूट हवेत एवढंच लिहिलंय," ते खिन्नपणे म्हणाले.

स्टडवाला बूट थोडा उंच असतो. मी अठ्ठ्याऐंशी मिनिटं डावीकडे झुकून खेळलो, एका बाजूला माल लादलेल्या होडीसारखा. सरळ पळायला निघालो की आपोआप कॉर्नरकडे पोचायचो. शून्य-शून्य. आणि मग चर्चकडच्या गोलसमोर, घोटाभर दलदलीत, त्यांच्या बचावपटूनं आमच्या माणसाला शर्ट धरून बसवलं. पेनल्टी.

मी चेंडू ठेवला. शेजारी माझा खड्डा, पाण्यानं भरलेला. मी खाली पाहिलं. मी मारतो उजव्या पायानं. म्हणजे उभा राहतो डाव्यावर. आणि डाव्यात ब्लेड होतं.

"योझा काका!" मी ओरडलो. "तुम्ही पेनल्टी कोणत्या पायानं मारायचात?"

"डाव्या! का रे?"

सात मतं तिथेच मान खाली घालून उभी होती.

"डावा स्टडवाला बूट द्या! पटकन!"

योझा काकांनी स्लावको काकांकडे पाहिलं. स्लावको काकांनी आकाशाकडे.

"गाडीच्या चाकाखाली आहे," स्लावको काका म्हणाले. "ब्रेक लागत नाही तिचा. मॅच सुरू होताना सरकायला लागली, चाक अडवायला काहीतरी हवं होतं."

"काढा!"

"काढतो की. पण मग गाडी खाली येईल आणि गोलपोस्ट जाईल. तुला पेनल्टी पोस्टसकट हवी का पोस्टशिवाय?"

"मारणार आहात का आज?" पंचांनी घड्याळ पाहिलं. "मला पाच वाजता दाढ आहे."

मारली. म्हणजे धावलो, डावा पाय टेकवला, तो सरळ माझ्या खड्ड्यात गेला आणि मी पाठीवर आडवा झालो. उजव्या पायाचा अंगठा चेंडूला जेमतेम लागला असावा. चेंडू निघाला, वरातीत चालल्यासारखा. गोलकीपरला फक्त एक पाऊल टाकायचं होतं. ते त्यानं टाकलं. त्याच्या पायात ब्लेडवाले बूट होते. तो घसरून पोस्टला जाऊन बसला आणि चेंडू त्याच्या शेजारून, त्याच्याकडे बघत बघत, आत गेला.

एक-शून्य. मी चिखलात पडल्या पडल्या हसलो. नाव सुटलं.

संध्याकाळी खानावळीत सभा. ठराव म्हणजे ठराव, कोणी मागे हटलं नाही. नाव काढण्यात आलं, एकमतानं.

पण पाहुण्यांना पत्ता सांगताना काही तरी म्हणावं लागतंच. आता सगळे त्याला 'पूर्वीचा विंकोचा खड्डा' म्हणतात. मार्तिनाच्या आईनं परवा विचारलं, "पूर्वीचा म्हणजे? आता दुसरा आहे का?"