पुसा रुबीचा पहिला नंबर

परड्यात मी टोमॅटोच्या दोन ओळी लावल्या, एक गावठी आणि एक पुसा रुबीची. जास्त माल कुठली देती, ते तराजूवर ठरणार होतं. म्हणून घरात बजावलं, वजन केल्याबिगर एक फळ तोडायचं न्हाय. पर माझं ऐकतंय कोण? बायकोनं, रत्नव्वानं, सारासाठी तोडले. शेजारची अक्काताई पदर भरून घेऊन गेली. सगळा डल्ला गावठीवरच. शेवटी वैतागून मी निकाल लावला, पुसा रुबी जिंकली, पुढच्या साली नुसती तीच लावणार.

रत्नव्वा चुलीपुढनं म्हणाली, “लावा की. त्या पचपचीत फळाला कोण हात लावत न्हाय. खुशाल वजन करत बसा.”