मृणालिनीचा कॉम्प्युटर

कॅनडातल्या व्हिटबीत आल्यापासून अडतीस वर्षांत देवदत्त करमरकरांनी घरातली एकही वस्तू दुरुस्तीला बाहेर दिली नव्हती. टोस्टर असो की घर तापवणारी फर्नेस, आधी ते उघडून बसणार. म्हणून २००९च्या फेब्रुवारीत जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा नवा ते घरीच जोडणार हे त्यांच्या बायकोने, मृणालिनीने, गृहीत धरलं.

तिला घाई होती. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या अंकाचं टायपिंग तिच्याकडे होतं. पेन्शनवरचं घर, सहाशे डॉलरच्या वर जायचं नाही, एवढं दोघांचं ठरलं. देवदत्तांनी सुट्या भागांची यादी केली. दुकानातल्या तयार कॉम्प्युटरपेक्षा दुप्पट मेमरी, तीही कमी पैशांत! अंकाचं काम लवकर होईल म्हणून ती खूश झाली.

पण यादी तशीच पडून राहिली. दोन आठवड्यांनी चहाच्या वेळी ते म्हणाले, "तयारच घेऊन टाकू. सेल लागलाय."

"तुम्ही? तयार?"

"अनुया पण तेच म्हणते." अनुया त्यांची मुलगी, मॉन्ट्रियलला असते. "बाबा, जस्ट बाय वन," असं ती दर फोनला म्हणायची, आणि दर वेळी ते तिचं म्हणणं हसण्यावारी न्यायचे.

मृणालिनीला ते विचित्र वाटलं, पण शनिवारी सकाळी ती त्यांच्याबरोबर दुकानात गेली. सेलमधला कॉम्प्युटर टेबलावर चालू करून ठेवला होता. देवदत्तांनी माऊस हातात घेतला. पडद्यावरचा बाण बटणाजवळ गेला आणि थरथरायला लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं. बाण तरीही थांबेना. मग त्यांनी माऊस सोडला आणि हात कोटाच्या खिशात घातला.

मृणालिनीने बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं होतं. हात कसा थरथरतो हे तिला कोणी सांगायला नको होतं. अलीकडे ते चहाचा कप अर्धाच भरून का मागतात, चेक सहीसाठी तिच्याकडे का सरकवतात, सगळं तिच्या एकदम लक्षात आलं. आपल्याला हे आधी का दिसलं नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"हाच घेऊ या ना?" देवदत्तांनी विचारलं.

"नको. यादीतलं सामान मागवा. आपण जोडू."

"मृणाल, आता मला ते…"

"मी जोडीन. तुम्ही सांगा."

दोघं गाडीत येऊन बसली. मग तेच म्हणाले, "नोव्हेंबरपासून होतंय."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं." ते समोरच्या काचेकडे बघत होते. "माझ्या काकांना कंपवात होता. शेवटी त्यांना घासही भरवावा लागायचा."

तिने त्यांच्या खिशातला हात बाहेर काढला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

खोकी पुढच्या शुक्रवारी आली. रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली आणि चष्मा पुसून बसली. देवदत्त शेजारी खुर्ची ओढून बसले.

"हा प्रोसेसर. कडेनेच धर. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण खालच्या खुणेवर आला पाहिजे. आता सोड. दाबायचं नाही, तो आपला आपण बसतो."

तो बसला. तिच्या बोटांनी इतकी वर्षं लॅबमधल्या नाजूक काचपट्ट्या उचलल्या होत्या, तिला ते अवघड गेलंच नाही. देवदत्त थक्क होऊन बघत राहिले. "माझ्याकडून पहिल्यांदा एवढा सरळ बसला नव्हता," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

दुपारी बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. तिचा चेहरा उतरला.

"काही बिघडलं नाहीये," ते म्हणाले. "मेमरी नीट बसली नसणार. वायर काढ, आणि ती पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाब. इथे मात्र जोर लाव."

"मोडेल!"

"नाही मोडत. लाव."

कट् आवाज झाला. पुन्हा बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मृणालिनी टाळ्या वाजवत उठली आणि तिने अनुयाला फोन लावला.

"आई, यू बिल्ट इट?" अनुयाचा विश्वासच बसेना.

"मी जोडला. डोकं बाबांचं."

अंक पाडव्याच्या चार दिवस आधी छापायला गेला. तोपर्यंत तिने फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंटही घेऊन ठेवली होती, आणि देवदत्तांनी कुरकुर केली नाही. डॉक्टरांनी त्यांचं चालणं पाहिलं, मनगटं वाकवून पाहिली, मग एक कागद पुढे सरकवून गोल गोल वेटोळं काढायला सांगितलं. रेघ सगळी दातेरी आली.

डॉक्टर म्हणाले, "स्पेशालिस्टकडे रेफर करतो. पण मला हा कंपवात वाटत नाही. काम करतानाच हात थरथरतो, स्वस्थ असताना नाही. हा कंप वेगळा. पूर्ण जाणार नाही कदाचित, पण गोळीने कमी होईल."

देवदत्तांनी तो कागद उचलला आणि मृणालिनीसमोर धरला. "बघ, काय चित्र काढलंय."

कागद त्यांच्या हातात फडफडत होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला, तिचं पाहून होईपर्यंत.