हुक्का पेटायला वेळ लागतो

"ह्या माणसाची राख झाडता झाडता माझ्या कंबरेचा काटा ढिला झाला. ओट्यावर राख, उशीखाली राख. आता ताटात तेवढी पडायची राहिलीय."

खैरुनबी हे कुणा माणसाशी बोलत नव्हती, केरसुणीशीच बोलत होती. पण दाराच्या पडद्याआड ज्वारी निवडत बसलेल्या ताहेराबीला शब्द न् शब्द ऐकू आला. लग्न होऊन ती नुकतीच या घरात आली होती, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. तिला सासूची कीव आली.

सासरे दादामियाँ तामलवाडीच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, जवान होते. सोलापूर तिकडं इंग्रजांचं, इकडं निजामाचा मुलूख, आणि मधल्या नाक्यावर दादामियाँची उमेदीची वर्षं गेली. गाडीत कडब्याखाली दडवलेली तंबाखू ते झडती न घेता नुसत्या नाकानं हुडकायचे, असं गाव सांगायचं. आता साठी उलटली होती, तरी पहाटे अंगणात जोर काढायला लागले की भिंतीवरची कोंबडी उठून दुसरीकडं जायची. मग अंगावर विहिरीचं गार पाणी, मूठभर भिजवलेले हरभरे, वर गुळाचा खडा. आणि संध्याकाळी ओट्यावर हुक्का.

"चाचा, एवढा धूर पोटात घालता, तरी छाती नगाऱ्यावानी कशी?" तरणी पोरं विचारायची.

"धूर घामानं फेडायचा असतो, बाबा. जेवढे दम, तेवढे जोर."

हे ऐकून शेजारच्या रामकिसननं चिलीमही धरली आणि जोरही धरले. थोड्याच दिवसांत गडी अंगणात आडवा पडून धापा टाकायला लागला. त्याची आई सिताबाई पदर खोचून भांडायला आली, "मियाँ, तुमची कसरत तुमच्यापाशीच ठिवा! आमच्या लेकराला न्हाय सोसत." दादामियाँ मान खाली घालून हसले. तेव्हा ताहेराबीला त्या हसण्यात काही दिसलं नाही.

हुक्केबाजाच्या घराला कुणी नाक मुरडावं, तर तशी सोयच खैरुनबीनं ठेवली नव्हती. चूल रोज पांढऱ्या मातीनं पोतारलेली, वाकळा उन्हात झोडपलेल्या, पितळी हुक्का चिंचेनं घासून लखलखीत. त्यातलं पाणी रोज नवं. दिवेलागणीला ती घरभर लोबान फिरवायची. "ह्यांच्या तंबाखूचा वास जाता जात न्हाय," म्हणायची. धुरानं धूर हाकलायचा हा उद्योग ताहेराबीला मोठा मजेचा वाटायचा. पुढं म्हातारपणी, फरशीच्या घरात फिनेलचा बोळा फिरवताना तिला तो वास आठवायचा. गुळात मळलेली तंबाखू, लोबान आणि ओली पांढरी माती. हात तसाच फरशीवर राहायचा. सुना विचारायच्या, "काय झालं, अम्मा?" सांगून त्यांना काय कळणार होतं?

हुक्का भरणं बायकोचं काम. चिलमीत तंबाखू, वर निखारे, आणि विस्तव नीट धरेपर्यंत पेटवणारानं दोन दम ओढून द्यायचे, ही रीतच होती. त्याला ओढणं कुणी म्हणत नसे, पेटवणं म्हणत. खैरुनबी मागच्या सोप्यात बसून पेटवायची. दोन दमांचे किती व्हायचे, ते तिचं तिला ठाऊक. इकडं ओट्यावर मंडळी ताटकळायची.

"आज येतोय का न्हाय, चाचा?"

"हुक्का पेटायला वेळ लागतो," दादामियाँ शांतपणे म्हणायचे.

"निखारे ओले असत्याल," ताहेराबीचा नवरा हनीफ जमिनीकडं बघत भर घालायचा.

एकदा निखारे कमी पडले असतील म्हणून ताहेराबी आणखी घेऊन मागं गेली. सासू भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, नळी ओठांत धरून बसली होती. दिवसभर घराशी झुंजणारी बाई त्या घडीला कुणाची कुणी नव्हती. ताहेराबी पाय न वाजवता माघारी फिरली. मग हुक्का बाहेर गेला तेव्हा तिनं नीट पाहिलं. चिलीम विझत आली होती. सासरे नळी तोंडाला लावून नुसतं पाणी गुडगुडवत होते. धुराचा पत्ता नव्हता. बंद गाडीतली तंबाखू हुंगणारा हा माणूस बायको जवळून गेली की आभाळाकडं बघत होता.

हनीफला ठाऊक होतं, सिताबाईला ठाऊक होतं. बायका मांडीवर डबी ठेवून खुशाल मिश्री लावायच्या, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण बाईनं धूर काढायचा म्हणजे घराण्याची अब्रू. म्हणून राख नवऱ्याची, वास नवऱ्याचा, आणि गावभर कौतुक नवऱ्याच्या छातीचं.

त्या हिवाळ्यात खैरुनबीला खोकला जडला. झाडता झाडता ती भिंत धरून उभी राहायची, ओठ काळेनिळे पडायचे. "थंडीचं हाय," ती म्हणायची. "थंडीचंच," घर म्हणायचं. एका सकाळी ती मातीच्या घमेल्यावरच कोसळली, तेव्हा हनीफ तुळजापूरहून नबीलाल हकिमाला घेऊन आला.

हकीम पडद्याबाहेर बसले. खैरुनबीनं आतून हात पुढं केला. नाडी बघता बघता हकिमांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"नीट ऐका. खोकला थंडीचा असला तर गरम दवा देतो, दोन दिवसांत उठून बसतील. पण छाती धुरानं सुकलेली असली तर हीच दवा रक्त पाडील. मग माझ्याच्यानं काही व्हायचं न्हाय. बीबी धूर ओढतात?"

विचारपूस करायला आलेल्या सिताबाईनं आढ्याकडं पाहिलं. हनीफनं उगाच बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

"हुक्का ह्यांचा हाय," आतून खैरुनबीचा आवाज आला. "म्या न्हाय ओढत."

"हो ना, दादामियाँ?" हकिमांनी विचारलं.

दादामियाँनी मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही.

हकिमांनी पुडी सोडली, मधात भस्म खललं आणि वाटी ताहेराबीच्या हाती दिली. "चाटवा."

वाटी घेऊन ती पडद्यापाशी थबकली. नव्या सुनेनं भरल्या घरात सासूचं नाव घ्यायचं? तिनं नवऱ्याकडं पाहिलं, तो पाठमोरा झाला. तिनं पडदा बाजूला केला. खैरुनबी उशीला टेकून बसली होती. सुनेकडं न बघता तिनं वाटीसाठी हात पुढं केला. मरेन, पण म्हणणार नाही, असा तो हात होता.

"थांब, पोरी."

दादामियाँ उठले होते. ओट्याखाली पोरं जमली होती, रामकिसनही होता. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हकीमसाब, म्या कैक वर्षांत एक दम मारलेला न्हाय. हुक्का हनीफची अम्मा ओढती."