ओल्या चादरीवरच्या माश्या

लागोपाठ तिसरं वर्ष कोरडं गेलं, तेव्हा टेकडीवरून काय काय खाली उतरलं ते मला विचारा. आधी माकडं आली, मग साप. एक भेकर आलं, ते आमच्या रिकाम्या टाकीला टेकून मेलं. सगळ्यात शेवटी मधमाश्या आल्या. वर झरा आटलेला, फुलं तर केव्हाच संपलेली. त्यांनी आमच्या लॉन्ड्रीच्या बंद धुराड्यात मोहोळ केलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी धुवायला येतात. टँकरच्या पाण्यात धुवून गच्चीवर वाळत घातल्या रे घातल्या, की या बाया ओळीने बसून ओली किनार चोखणार. एखादी घडीत अडकायची. शेवटी तशीच एक पेशंटला चावली आणि मेट्रनबाई स्वतः आल्या.

"सोमवारपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर चादरी दुसरीकडे पाठवते."

मी त्यांच्यासमोरच औषध फवारणाऱ्याला फोन लावला. सोमवारी दुपारी येतो म्हणाला. मेट्रनबाईंची पाठ वळली तशी माझ्या धाकट्या जावेने तोंड उघडलं.

"जाऊबाई, मी टेकडीवर जाऊन आलेय. तिथली सगळी मोहोळं वाळून पडलीत. एवढं एकच उरलंय. हेही मारलं, तर उद्या पाणी आलं तरी झाडांना फळ कसं धरणार?"

"मग मी काय पाणपोई उघडू?"

"उघडा की!"

ती हट्टाला पेटली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. मी चरफडत फिल्टरचं, आमच्या पिण्याचं पाणी वाडग्यात काढून ठेवलं. एकीने ढुंकून पाहिलं नाही. दोघी आल्या, त्या बुडून मेल्या. इतका अपमान माझा सासरीसुद्धा कुणी केला नव्हता.

धाकटी दिवसभर चादरींसमोर बसून राहिली. संध्याकाळी म्हणाली, "यांना पाय टेकायला जागा हवी. आणि पाणी जरा खारट लागतं. आपल्या टँकरचं खारट आहे, फिल्टरचं नाही."

मग आम्ही चादरी घरात वाळत घातल्या आणि दोरीवर त्यांच्या जागी एक गोणपाट टांगलं, टँकरच्या पाण्यात भिजवलेलं. माश्या त्यावर उतरल्या. रोज ते थोडं थोडं सरकवत मागच्या कठड्याकडे, धुराड्याजवळ न्यायचं होतं. घरात चालायला वाट नव्हती. नवरा चादरी बाजूला सारत मोरीपर्यंत जायचा आणि विचारायचा, "पेशंट कधी येताहेत?"

गोणपाट सुकू द्यायचं नव्हतं. भर उन्हात मीच तांब्या घेऊन उभी राहायची. पाणी पिताना त्यांचं इवलंसं पोट खालीवर व्हायचं. मला त्यांची माया लागली, कितीही नाकारलं तरी.

सोमवारी सकाळी चादरी पुन्हा बाहेर घातल्या. त्यांच्यावर एकही माशी नाही! मी खुशीत मागे गेले, तर गोणपाटही रिकामं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. धाकटीने धुराड्याला कान लावला.

"काही ऐकू येत नाही हो."

"उडून गेल्या असतील."

"कुठे जाणार? थेंब तरी आहे का कुठे?"

आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. मागची बाजू अजून सावलीत, गार होती. कठड्यावर ऊन आलं तशी एक माशी बाहेर पडली, गोणपाटावर उतरली. मग दुसरी. मग बघता बघता ओळच लागली. माझा जीव भांड्यात पडला.

मेट्रनबाईंनी येऊन चादरी झटकून पाहिल्या, घड्या उलगडून पाहिल्या.

"केलात ना बंदोबस्त?"

"केला," मी म्हटलं.

दुपारी फवारणीवाला पाठीवर पंप लावून आला. मी जिन्यातच आडवी उभी राहिले.

"मोहोळ कुठंय?" त्याने विचारलं.

"कसलं मोहोळ?"

तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत, पुटपुटत निघून गेला. फाटक वाजलं आणि मी पायरीवर बसून रडायलाच लागले. धाकटी धावत आली.

"अहो, काय झालं? वाचल्या ना त्या!"

"वाचल्या गं."

"मग रडता कशाला? त्याला फोन तर तुम्हीच केला होतात."

"मीच केला होता," मी म्हटलं. "म्हणून तर."