घरची कवळी

कामांची यादी करायची ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याच्या घरी सगळी कामं दुसरंच कुणीतरी करत असणार, असं तिचं पक्कं मत होतं. तिची यादी सकाळी हातभर असायची आणि संध्याकाळी सव्वा हात. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवत, त्यावरून ती प्लास्टरचा साचा ओतायची, मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी गुलाबी हिरड्यांसकट अख्खं हसू डबीत घालून परत धाडायची. तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई नोकरी सोडून गेली, तेव्हा मालक म्हणाले, "नवीन माणूस मिळेपर्यंत तेवढं सांभाळून घ्या." माणूस काही मिळाला नाही. कशाला मिळेल? सांभाळून घेणारी आयतीच होती.

मग मालकांनी सगळ्यांना एका शिबिराला पाठवलं. तिथल्या गुळगुळीत दाढी केलेल्या माणसाने सांगितलं, सगळं डोक्यात ठेवू नका, लिहून काढा, आणि आधी काय, मागून काय ते ठरवा. तिने ते मनावर घेतलं. टेबलासमोर फळा टांगला, त्यावर एकाखाली एक घरं आखली, प्रत्येक कामाची चिठ्ठी केली आणि एक साधा नियम ठरवला: ज्याचा फोन येईल, त्याची चिठ्ठी वर. नियम चाललाही. ओरडणारे डॉक्टर गप्प झाले. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा फळा दाखवू लागले. तिलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

फळ्याच्या तळाशी एक चिठ्ठी होती: 'बाबा, कवळी'.

बाबांचे उरलेसुरले दात उन्हाळ्यात काढले होते. जखमा भरल्या, ओळखीच्या डॉक्टरांनी माप घेतलं, तिने त्याच दिवशी साचा ओतला आणि फळीवर ठेवला. जेवणाबद्दल बाबांचं काही म्हणणं नव्हतं. खिचडी, लापशी, कुस्करलेलं केळं, जे पुढे येईल ते निमूट गिळायचे. त्यांना दात हवे होते ते बोलायला, आणि तेही एकाच माणसाशी. थोरले काका, बाबांचे दादा, परगावी अंथरुणाला खिळले होते, आणि कानांनी जवळपास बहिरे. खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबांचा प्रवास बंद झाला होता. तेव्हा दर रविवारी फोन. काकू काकांच्या कानाला फोन लावून धरायच्या. दात असताना बाबा एकेक शब्द ठासून बोलायचे आणि काकांना कळायचंही. दात गेल्यावर पहिल्याच रविवारी काका पलीकडून खेकसले, "कोण बोबडं बोलतंय? ठेव ते!"

बाबा हसले. त्यानंतरच्या रविवारी मात्र त्यांना हसू आलं नाही.

"तुम्ही मला सांगा, मी ओरडून सांगते त्यांना," ती म्हणाली होती.

"नको, ठमे. आमचं आम्हाला बोलायचंय. मध्ये तू नको." मग हळूच, "कवळी कधी होईल?"

"या आठवड्यात करते, बाबा."

हे त्यांनी एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही. लेकीचे डोळे संध्याकाळी कसे तारवटलेले असतात ते त्यांना दिसत होतं. शिवाय बोबडं बोलायची लाज वाटू लागल्यापासून ते घरातही फारसे बोलत नव्हते. आणि फळ्याचा नियम तर ठरलेला. ज्याचा फोन, त्याची चिठ्ठी वर. बाबा लॅबमध्ये कशाला फोन करतील?

एकदा तिने साचा खाली काढलाही होता. मेण तापत ठेवलं, तेवढ्यात कुणाची तरी कवळी तडकून आली. तिने साचा परत फळीवर ठेवला. घरचंच काम आहे, उद्या करू, असं स्वतःला समजावलं. घरच्या कामाची गंमतच ही, की त्याचा उद्या कधी रागावत नाही.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. काका पहाटे झोपेतच गेले होते. बाबा कॉटवर बसून ऐकत होते. नुसते तोंडावर हात धरून बसले, जसे ते हल्ली लोकांसमोर बसायचे.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि साच्यावरची धूळ पुसली. मालक दोनदा डोकावले आणि तिचा चेहरा बघून परतले. दिवसभर ती दुसऱ्या कशाला शिवली नाही. इतकी सुबक कवळी तिच्या हातून आजवर झाली नव्हती. बाबांचा पुढचा दात किंचित तिरका असायचा, तोसुद्धा तिने तसाच तिरका बसवला.

ती घरी आल्यावर बाबांनी आ केला. तिने कवळी बसवली आणि बोट मागे घेण्याआधीच तिला कळून चुकलं. खालची कवळी तोंडात डुगडुगत होती. दात काढल्यावर हिरडी महिनोन्‌महिने आटत राहते, जुनं माप कामाचं राहत नाही. उशिरा माप धाडणाऱ्या डॉक्टरांना ती हेच तर फोनवर सुनावायची! सुनावताना पाठीमागच्या फळीवर बाबांचा साचा असायचा.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

बाबांनी जीभ फिरवली, दात एकमेकांवर खटखटले. "दादा," ते म्हणाले. लख्ख, स्पष्ट. पुढच्या शब्दाला कवळी सुटली.

तिला रडू फुटलं. "उद्याच नवीन माप घेऊ. उद्याच्या उद्या, बाबा. शपथ."

त्यांनी कवळी काढली, नळाखाली नीट धुतली, डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. मग तिच्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "राहू दे गं, ठमे. आता काही घाई नाही." दातांशिवायच बोलले, तरी तिला शब्दन्‌शब्द कळला.

सकाळी तिने लॅबमध्ये पाऊल टाकल्याबरोबर नवी चिठ्ठी लिहिली: 'बाबा, नवीन माप'. फळ्याच्या अगदी वर लावली आणि अंगठ्याने घट्ट दाबली. मग रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवताक्षणी फोन वाजला.

"ताई, पेशंट समोर येऊन बसलाय हो. काय सांगू त्याला?"

ती चिठ्ठीकडे बघत राहिली.

"करते," ती म्हणाली. बाबांची चिठ्ठी तिने काढली आणि खाली लावली. एकच घर खाली.