डिझेल घेण्याचं कारण

समोर मी नवऱ्याला अहो म्हणते. इथे म्हणणार नाही.

गाडी घ्यायचं त्याच्या डोक्यात आलं तेव्हा आमच्या घरात चार माणसं होती. सासरे अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, त्यांना गाडीत बसवणं अशक्य. मुलगी शिकायला परगावी निघालेली. उरलो आम्ही दोघं, आणि दोघांसाठी त्याने सात जणांची गाडी पसंत केली. समोरच्या वकिलाने पाच जणांची घेतली होती, दुसरं काही कारण नव्हतं.

शोरूममध्ये एक चटपटीत बाई गाड्या दाखवत होत्या. एकाच गाडीत तीन इंजिनं मिळत होती. पेट्रोलचं पळायला जोरदार आणि प्यायलाही जोरदार. हायब्रिड गावातल्या गावात फिरणाऱ्यांना बरं. आणि डिझेल लांब पल्ल्याला, हायवेला त्याचं अॅव्हरेज सगळ्यात चांगलं. बाईंनी सरळ विचारलं, "सर, तुमचं रोजचं रनिंग किती?"

रोजचं रनिंग म्हणजे घरापासून त्याच्या टाइल्सच्या दुकानापर्यंत. चालत गेला असता तर पोट तरी कमी झालं असतं.

"कारण फक्त शहरात फिरवणार असाल तर डिझेल घेऊ नका," बाई म्हणाल्या. "एवढी मोठी गाडी, छोट्या छोट्या फेऱ्या, मग फिल्टर चोक होतो."

नवरा खुर्चीत ताठ झाला. ज्याला कुठे जायचंच नसतं असा माणूस आपण आहोत, हे त्याला त्या बाईंसमोर कबूल करायचं नव्हतं. "शहरात कोण फिरवतंय?" तो म्हणाला. "आमची सासुरवाडी हायवेवरच आहे. दर आठवड्याला जाणं असतं. सासूबाई एकट्या असतात ना."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दर आठवड्याला! वडील गेल्यापासून आई तिकडे तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. बसने जायचं तर गाडी दोनदा बदलायची, अर्धा दिवस जाण्यातच मोडतो. औषधांच्या दुकानातल्या माझ्या नोकरीला रविवारचीच काय ती सुट्टी, आणि रविवारी सासऱ्यांची नर्सही सुट्टीवर. त्यामुळे वर्षात दोनदा माहेर झालं तरी मी स्वतःला भाग्यवान समजायचे. स्वतःची गाडी असली की सव्वा तासात आईचं दार. नणंद जवळच राहते, चार-पाच तास वडिलांपाशी बसायला ती कधीही एका पायावर तयार. त्या शोरूममध्ये, सगळ्यांसमोर, मला रडू फुटायचं बाकी होतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, लाजला असेल.

घरी आल्या आल्या आईला फोन केला. ती म्हणाली, "दर आठवड्याला कशाला गं? महिन्यातून एकदा तोंड दाखवलंस तरी पुष्कळ झालं."

गाडी आली. विटकरी रंगाची, आमच्या गल्लीत वळताना दोन्हीकडच्या लोकांचा श्वास रोखून धरणारी. पोरं तिला हत्ती म्हणायला लागली. एकदा आम्ही आईला दाखवायला घेऊन गेलो. येताना नवऱ्याला स्टिअरिंगच्या मागचा तो आकडा सापडला, आणि तिथून माझ्या संसाराला सवत आली.

एका लिटरला गाडी किती धावली ते तो आकडा सांगतो. एसी लावला की कमी होतो, घाईने वेग घेतला की कमी होतो, माणसं बसली की कमी होतो. सात जणांना मांडीवर घेऊन बसेल एवढी गाडी, आणि मागची बाकं त्याने काढून माळ्यावर टाकली. ऐन उन्हात काचा बंद, एसी बंद, आणि आम्ही आत उकडलेले. आईकडे जायचं नाव काढलं की तो म्हणायचा, "तू, तुझ्या पिशव्या, आणि येताना तुझी आई जे काही बांधून देते ते. अॅव्हरेज केवढं पडतं माहीत आहे?"

मग एक दिवस पिवळा दिवा लागला. गाडी गॅरेजला नेली तेव्हा मी सोबत होते. तिथल्या साहेबांनी सांगितलं, "धुरातली काजळी फिल्टरमध्ये अडकते. गाडी हायवेला सलग पळाली की ती आतच जळून जाते. तुमची गाडी पळतच नाही. जरा लांब नेत जा."

मनातल्या मनात मी त्या काजळीचे पाय धरले. जे मला जमलं नव्हतं ते तिने करून दाखवलं होतं.

रविवारी सकाळी मी तयार होऊन बसले. आईसाठी घेतलेली शाल पिशवीत घातली. नणंद वेळेवर आली. नवरा किल्ली फिरवत खाली आला आणि म्हणाला, "तू कुठे निघालीस?"

"आईकडे. तुम्ही त्याच रस्त्याने जाताय ना?"

"अगं, हे काय फिरायला जाणं आहे का? गाडी एका लयीत न्यायची असते. मध्ये थांबलो, इंजिन गार झालं, की केलेलं सगळं पाण्यात."

"मग मला सोडून पुढे जा. परत येताना घ्या."

"म्हणजे दोनदा थांबायचं!"

नणंद म्हणाली, "दादा, ने की रे तिला. मी आहे बाबांजवळ."

"तुला गाडीतलं काय कळतं?" तो म्हणाला, आणि हत्ती घेऊन एकटा निघून गेला. मी साडी बदलून सासऱ्यांची चादर धुवायला घेतली. नणंद माझ्याकडे न बघता चादरीचं दुसरं टोक धरून पिळू लागली. भावाची लाज तिलाच वाटत होती.

पुढे तो नेमच झाला. रविवार उजाडला की नवरा गाडीला हायवे दाखवायला नेणार, डिझेल भरून आणणार, आणि आल्यावर त्या आकड्याचा फोटो गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकणार. डिझेल वाचवायला घेतलेली गाडी, आणि तिची काजळी जाळायला दर रविवारी पुन्हा डिझेल! दुकानात मी हे सांगितलं की सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे. हसले नसते तर काय केलं असतं?

मग आईच्या शेजारणीचा फोन आला. आईला काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याने बोगद्यातून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती टिकेल ते डॉक्टरही सांगत नव्हते. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "दिसतं गं मला. समोरचं दिसतं. तू येऊन समोर बसलीस तर दिसशील."

खोटं कशाला बोलू, नवऱ्यालाही वाईट वाटलं. येत्या रविवारी नक्की जाऊ म्हणाला. त्या रविवारी नेमका पिवळा दिवा लागला, मग म्हणे आज थांबता येणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ग्रुपवर अॅव्हरेजची शर्यत होती. त्या दिवशी मात्र माझा तोल सुटला.

"मी काय तुमच्या गाडीतलं वजन आहे का?"

"तसं म्हणालो का मी?" तो म्हणाला. मग बूट घालता घालता पुढे म्हणाला, "पण वजन तर आहेच ना."

मी दुकानात रजा टाकली. नर्स आल्यावर, नवऱ्याचं जेवण झाकून, मधल्याच एका वारी बसने निघाले. पोचेपर्यंत दुपार झाली. आईने दार उघडलं तेव्हा तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मान हलवत हलवत तिने मला शोधून काढलं. मग जी हसली!

चहा करू दिला नाही. गॅलरीत खुर्ची ओढली आणि म्हणाली, "इथे बस, उजेडात. बघू दे." माझी हनुवटी धरून तिने चेहरा आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवला. कपाळ, डोळे, ओठ, असं एकेक करून बघत होती. सगळी मी तिला एकदम दिसत नव्हते. "वाळलीस," शेवटी म्हणाली. "आज बसने आलीस? बरोबर, आज रविवार कुठे आहे. गाडी नसणार."

"रविवारचं काय?"

"अगं, खाली थांबता ना तुम्ही." तिने कठड्यावरून बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे, गॅलरीच्या अगदी समोर, पेट्रोलपंप होता. "पहिल्यांदा जावई गाडीतून उतरले तेव्हाच मी ओळखलं. डिझेल भरतात, गाडीला टेकून चहा घेतात, मग गाडी वळवून जातात. काचा काळ्या, त्यामुळे तू आत दिसत नाहीस. मी आपली इथून हात करते."

मी पंपाकडे तोंड फिरवलं. आईला वाटलं, मी ओशाळले.

"वाईट नको वाटून घेऊस. घरी सासरे तसे पडलेले, वर आलीस की तास मोडणार, मला का समजत नाही? म्हणून तर फोनवर कधी विषय काढला नाही. आता गाडीसुद्धा धड दिसत नाही बघ. विटकरी काहीतरी येतं आणि थांबतं. मी करते हात. तू बघत असशील म्हणून."

मला त्या पंपाला आग लावावीशी वाटली. थांबला तर इंजिन गार होतं म्हणणारा माणूस इथे चहा पीत उभा राहत होता. माझ्या आईच्या दाराखाली येऊन त्याला माझी आई आठवली नव्हती, किंवा आठवली होती आणि जिने चढायचा कंटाळा आला होता. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी रिकामी यायची, असं सांगितलं तर उरलेल्या नजरेने ती कोणाला हात करत बसली होती ते तिला कळणार. आत मीच होते म्हटलं तर खाली येऊनही तीन जिने न चढणारी लेक मी. पण ती लेक तिने केव्हाच पदरात घेतली होती. नवऱ्याला वाचवायचं नव्हतं मला. तिचे ते रविवार वाचवायचे होते.

"दिसायचीस आई," मी म्हणाले. "मीही हात करायचे."

"वाटलंच मला!" आईचा चेहरा एवढा फुलला की मला तिकडे बघवेना. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मग एक कर. या रविवारी काच खाली घे. अजून थोडं दिसतंय, तोवर एकदा बघते."

मी हो म्हणाले.